आधी सायकलवाले मोजा, मग अपघात



गेल्या आठवड्यात इथे जुन्या सायकलींच्या आठवणी मस्त रंगल्या. डायनॅमोचा तो घर्र आवाज, मधल्या दांड्यावर बसून शाळेत गेलेली मुलं, दांडिया बाजारातून कोठी कचेरीला किंवा युनिव्हर्सिटीला जाणारे वडील, अलेंबिकची पाळी सुटली की रस्त्यावर लोटणारी सायकलींची गर्दी. वाचून बरं वाटलं. पण बहुतेकांनी शेवटी एकच वाक्य लिहिलं, की आता कोण चालवतं हो सायकल! मला बोलायचंय ते या वाक्यावर.

चालवतात. आपण पाहत नाही एवढंच. पहाटे साडेपाच-सहाला मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.कडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहा. डबा हँडलला अडकवलेले कामगार दिसतील, रात्रपाळी करून परतणारे वॉचमन दिसतील, सातच्या सुमाराला सरकारी शाळांच्या मुली दिसतील. आपल्याकडे सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कशाने येतात, हे किती घरांना ठाऊक आहे? मी आमच्या सोसायटीत विचारलं. बऱ्याच घरांना नव्हतं ठाऊक.

२०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांना विचारलं होतं, कामाला कशाने जाता? देशभरात अडीच कोटींहून जास्त लोकांनी सायकल सांगितली, म्हणजे शंभरात तेरा. शंभरातल्या जवळजवळ ४५ घरांत सायकल होती. पण प्रश्न फक्त कामावर जाण्याचा होता. शाळेला जाणारी मुलं, बाजाराला जाणाऱ्या बायका त्यात धरलेल्याच नाहीत. आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे हा आकडाही जुना झाला.

आता अपघातांकडे या. २०२२ सालच्या सरकारी अहवालाप्रमाणे देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात सायकलस्वार शंभरात तीनच्या आसपास. आकडा वाचून माणूस म्हणतो, तीनच ना, आधी स्कूटरवाल्यांचं बघा. पण हे तीन म्हणजे किती सायकलस्वारांतले तीन? रस्त्यावर सायकली किती, किती किलोमीटर चालल्या, हे माहीत नसेल तर या तीनला काही अर्थ नाही. एखाद्या चौकात पाच वर्षांत एकही सायकलस्वार जखमी झाला नसेल, तर तो चौक चांगला असेल, किंवा तिथून सायकल घालायची कोणाची छातीच होत नसेल. कागदावर दोन्ही चौक सारखेच दिसतात.

शिवाय हा आकडा येतो पोलिसांच्या नोंदीतून. नोंदच झाली नाही तर?

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचं सांगते. रात्रपाळी संपवून घरी जाताना वळणावर एका टेम्पोने त्यांना मागून उडवलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. टेम्पोवाला पळाला नाही, चांगला माणूस म्हणायचा, तीन हजार हातात ठेवले आणि म्हणाला, काका, पोलीस-बिलीस नको. काकांनाही नकोच होतं, त्यांना कामावर परत यायचं होतं. दवाखान्यात कागदावर ‘घसरून पडले’ असं लिहिलं गेलं. पाच आठवडे पगार नाही. आणि त्यानंतर त्यांनी सायकल सोडली, आता शटल रिक्षाने येतात. पगारातले महिन्याचे आठ-नऊशे तिकडे जातात.

हिशेब करून बघा. अपघाताची नोंद नाही, जखमीची नाही, आणि आता तो माणूस सायकलस्वारही राहिला नाही. सरकारी तक्त्यात हा रस्ता उलट सुधारलेला दिसेल! मला राग येतो तो याचा. टेम्पोवाल्याचा तेवढा नाही येत.

अलीकडे पोलिसांच्या हातात मोबाईलवरची अपघात-नोंदणी आली आहे. जागेवर जाऊन फोटो आणि नकाशावरचं ठिकाण त्यात भरतात, आयआयटी मद्रास आणि सरकारी माहिती-केंद्राने मिळून ती बनवली. चांगली गोष्ट आहे, धोक्याच्या जागा नकाशावर दिसतात. पण पोलीस जागेवर आले तरच. काकांच्या वळणावर कोणी आलंच नव्हतं.

मोजण्याच्या पद्धतीतही एक गंमत आहे. रस्त्यावरची वाहतूक मोजताना इंजिनियर लोक प्रत्येक वाहनाला मोटारीच्या हिशेबात भाग देतात. मोटार एक, बस-ट्रक दोन-तीन, सायकल अर्ध्याच्या आसपास. किती जागा व्यापली, एवढंच त्यात मोजलं जातं. त्यात चूक काही नाही, रस्ता किती रुंद हवा हे ठरवायला ते लागतंच. पण हाच तक्ता घेऊन रस्ता कोणासाठी बांधायचा हे ठरवलं, की एका मोटारीतला एकटा माणूस दोन कामगारांच्या बरोबरीचा होतो. माझ्या मते आपल्या उड्डाणपुलांची गोष्ट बरीचशी इथेच सुरू होते.

पूर्वी निदान सायकलींची गणती तरी व्हायची. पुण्याला माझ्या मामांच्या सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असे. बिल्ला म्हणजे कर, आणि करामुळे वहीत नोंद. मामा त्या कराला शिव्या घालत, ते सोडा.

आता कोणी म्हणेल, सर्व्हे तर होतात. होतात की. २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरांसाठी सायकलींची एक स्पर्धा काढली, शंभरावर शहरं उतरली, आणि २०२१ मध्ये निवडलेल्या अकरांत आपलं बडोदं होतं. याचा मला अभिमान आहे. पण सर्व्हे म्हटला की हल्ली मोबाईलवर फॉर्म येतो. तो भरतो कोण? रविवारी हेल्मेट घालून सिंधरोटला जाणारी आपली डॉक्टर-इंजिनियर मंडळी. त्यांना हवा लांब, गुळगुळीत ट्रॅक आणि पार्किंग. मकरपुऱ्याच्या कामगाराला हवा असतो एका नाक्यावर लागणारा दिवा आणि उजवीकडे वळायला अर्धा मिनिट. पहिल्याचं उत्तर फॉर्मवर येतं. दुसऱ्याला त्याच्या वेळेला, त्याच्या नाक्यावर, त्याच्या भाषेत विचारावं लागतं.

इथे महाराजांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण एकदम सगळीकडे लादलं नाही. १८९३ मध्ये अमरेलीकडे थोड्या गावांत करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. आधी लहान जागी करायचं, काय झालं ते बघायचं, मग पसरवायचं. सायकलींच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. रस्त्यावर रंगाचा पट्टा ओढतो, फीत कापतो, आणि सहा महिन्यांनी त्या पट्ट्यावर भाजीच्या गाड्या उभ्या. पट्ट्याआधी किती सायकली जायच्या, नंतर किती गेल्या, हे कोणी मोजलेलंच नसतं. मग तो उपयोगी होता की नव्हता, यावर भांडायलाही आकडा नाही.

म्हणून माझं म्हणणं, आपणच मोजू या. आपल्यात निवृत्त बँकवाले, शिक्षक, युनिव्हर्सिटीतले स्टॅटिस्टिक्सवाले कितीतरी आहेत, आणि पहाटे चारला उठून बसणारे त्याहून जास्त! एक नाका घ्यायचा, दोघांनी पहाटे साडेपाच ते साडेआठ बसायचं. पुरुष, बायका, शाळेची मुलं वेगळे लिहायचे, उलट्या दिशेने येणारेही लिहायचे. उलटं येणाऱ्यावर चिडायचं नाही. बहुतेक वेळा दुभाजकातून जायला वाट फार लांब असते, म्हणून तो तसा येतो, आणि तो आकडाच आपल्याला हवा आहे. जो थांबेल त्याला विचारायचं, वर्षभरात धक्का लागला का, पोलिसात लिहिलं का, कोणता चौक टाळता. आणि ज्यांनी सायकल सोडली त्यांनाही विचारायचं, का सोडली. ते नाक्यावर भेटणार नाहीत, त्यांच्यासाठी वॉचमन, मावशी, दूधवाले यांच्याकडे जावं लागेल.

मी काळा घोडा आणि मकरपुऱ्याचा नाका धरला आहे. रविवार नको, आणि उत्तरायणचा किंवा नवरात्रीचा आठवडाही नको, त्या दिवसांत सगळीच वाहतूक वेगळी असते. मंगळवार किंवा बुधवार चालेल. वही माझ्याकडे आहे, गुजराती आणि हिंदी प्रश्न माझ्या सुनेने लिहून दिलेत. कोण येतंय ते खाली लिहा, चहा माझ्याकडून.