मागचा पंख

चोर्ला घाट उतरून गोव्यास गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी मोरजीच्या किनाऱ्यावर, वाऱ्याच्या दिवसांत, मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर धावणारे फळीस्वार पाहिले असतील. याच खेळाचा एक पुढारलेला प्रकार २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रथमच समाविष्ट झाला. त्याच्या शर्यती मार्सेय येथील समुद्रात झाल्या. तेथील फळ्या पाण्याला टेकत नव्हत्या. पाण्याच्या वरून अधांतरी धावत होत्या. त्यांना हायड्रोफॉइल फळ्या म्हणतात.

या फळीच्या पोटाखालून एक उभा दांडा पाण्यात उतरतो. त्याच्या तळाशी एका आडव्या दांडीवर पुढे मोठा आणि मागे लहान असे दोन पंख बसविलेले असतात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्यामुळे पुढचा पंख आकाराने बेताचा असूनही वेग येताच स्वारासह फळी उचलतो. तथापि केवळ उचलणे पुरेसे नाही. एकटा पुढचा पंख फळीचे नाक खाली दडपू पाहतो. मागचा पंख शेपटाकडे दाब देऊन तो कल सावरून धरतो.

येथेच निवडीचा प्रश्न येतो. मागचा पंख मोठा असेल तर फळी शांत राहते, स्वाराची चूक पोटात घालते. पण पाण्याचा विरोध वाढतो आणि वळण जड होते. तो लहान असेल तर फळी वेगवान व चपळ होते. मात्र पायाचा भार किंचित चुकला तरी ती उसळते किंवा नाक खुपसते. संक्रांतीच्या सुमारास गोते खाणाऱ्या पतंगाला आपली मुले चिंधीची शेपटी बांधतात, त्यातील तत्त्व याहून फार निराळे नाही. शेपटी बांधलेला पतंग स्थिर उडतो. परंतु काटाकाटीच्या खेळात तो मंद ठरतो. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या बागेत सुमारे ४० मीटर उडविले, तेही मागच्या लहान पंखाच्या आधारानेच.

काही जण म्हणतात, प्रथमपासून लहान पंख घ्यावा, म्हणजे अंगी कसब लवकर येते. हे मत आम्हांस मान्य नाही. जो क्षणोक्षणी पाण्यात पडतो, त्याचा वेळ शिकण्यापेक्षा पुन्हा उभे राहण्यातच जातो. आधी तोल, मग चपळाई, हाच क्रम योग्य होय. मात्र तोल साधल्यावरही भीतीपोटी मोठ्या पंखाला चिकटून राहणे हेही तितकेच अयोग्य. कोणता पंख केव्हा बदलावा, हे स्वाराच्या तयारीवरून ठरावे, शेजाऱ्याच्या फळीकडे पाहून नव्हे.

आपल्या सीमाभागात घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि पुस्तकात तिसरी, असा अनुभव पुष्कळ मुलांना येतो. शेजारच्याने घातले म्हणून आपणही मुलास पहिल्याच वर्षी परक्या माध्यमात घालणारे पालक, न शिकलेल्या स्वाराच्या फळीला लहान पंख लावीत असतात. त्या मुलाने कन्नड व इंग्रजी अवश्य शिकावी, उत्तम शिकावी. पण त्याला आधी त्याच्या भाषेत स्थिर उभे राहू द्यावे. वळणे घेण्यास पुढे सारा समुद्र मोकळा आहे.