खेळांतील चकत्या व त्यांवरील आंकडे

दिवाळीची सुटी किंवा गणेशोत्सवांतील जाग्रणें आलीं कीं आपल्या मुलुंड-घाटकोपरकडील घरांतून पत्त्यांचे डाव मांडले जातात. पूर्वीं हिशेब चिंचोक्यांनीं अगर कवड्यांनीं ठेवीत. आतां कांहीं घरांत परदेशस्थ आप्तांनीं आणलेल्या पोकरच्या रंगीत चकत्या असतात. त्यांवर डॉलरची खूण व पांचशें-हजारांचे आंकडे पाहून वडील मंडळी नाक मुरडतात. परंतु तेवढ्यासाठीं चकत्या टाकून देण्याचें कारण नाहीं. जुनें लेबल काढून नवें लावणें हें घरीं होण्याजोगें काम आहे.

प्रथम चकती नीट पाहावी. चित्र थेट चकतीवरच छापलेलें असेल तर तिच्या वाटेस जाऊं नये. साधारण चकती एबीएस प्लास्टिकची, सुमारें ३९ मिलिमीटर व्यासाची असून लेबल मधल्या खोलगट भागांत चिकटविलेलें असतें. केंस वाळविण्याच्या यंत्राची ऊन हवा थोडा वेळ दिली कीं गोंद मऊ पडतो. मग लांकडी काडीनें कडेपासून लेबल उचलावें. सुरीनें ओरखडे उठतात. उरलेल्या गोंदावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घालून कांहीं वेळानें पुसावें, आणि साबणाच्या पाण्यानें तेलकटपणा पुरता घालवावा. तेलाचा अंश राहिल्यास नवें लेबल धरीत नाहीं. नखांचा रंग काढण्याच्या द्रवांत पुष्कळदां ॲसिटोन असतो. तो या प्लास्टिकलाच विरघळवितो, म्हणून वर्ज्य समजावा. पावसाळ्यांत आपल्याकडील हवा दमट. तेव्हां चकत्या रात्रभर पंख्याखालीं वाळवाव्या. नवें लेबल खांचेपेक्षां किंचित् लहान कापावें, म्हणजे हाताळतांना त्याची कड उचलत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, नव्या लेबलावर लिहावयाचें काय? रुपयांचे आंकडे लिहूं नयेत, असें आमचें मत आहे. नोट हातांतून जातांना जी चुटपुट लागते, ती चकती देतांना लागत नाहीं. जुगारगृहांना ही गोष्ट सोयीचीच असते. मुंबई इलाख्यांत १८८७ सालीं झालेला जुगारप्रतिबंधक कायदा महाराष्ट्रांत आजही लागू आहे. पण कायदा बाजूस ठेवला तरी घराचा विचार उरतोच. ‘रुपया-दोन रुपये लावल्यावांचून रंगत नाहीं’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु एकाच सतरंजीवर बसलेल्या कमावत्या काकांचे वीस रुपये आणि शिकणाऱ्या पुतण्याचे वीस रुपये सारखे नसतात. काका हरले तर हंसतात. पुतण्या हरला तर तो बोलत नाहीं, आणि त्याची आई स्वयंपाकघरांतून पाहत असते.

म्हणून १, ५, २५ असे नुसते गुण लिहावे. एका रंगास एकच किंमत ठेवावी, आंकडा आजींना चष्म्यावांचून दिसेल एवढा मोठा काढावा व लेबल दोन्ही बाजूंस लावावें. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत १२० पानें व दहा अवतारांचे दहा रंग असतात. त्या धर्तीवर मुलांकडून आंकड्याभोंवतीं मत्स्य, कूर्म रंगवून घ्यावे. डावाच्या आरंभीं सर्वांस सारख्या चकत्या वांटाव्या, आणि शेवटीं मोजून डब्यांत परत ठेवाव्या.