हसू आणि हसे



मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर एक ताई आमच्यापाशी थांबल्या. त्यांचा मुलगा सातवीत आहे. नकला करण्यात असा पटाईत की चाळीतले म्हातारेकोतारेही त्याला हाक मारून बसवून घेतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी त्याला नाटकात घेतात, पण गडी म्हणूनच. यंदा त्याच्या तोंडाला काजळी फासली, डोक्यावर पाटी दिली आणि "घरी बोलता तसं बोल" असे सांगितले. लोक पोट धरून हसले. पोराला बक्षीसही मिळाले.

ताई म्हणाल्या, "पोरगं बक्षीस नाचवत घरी आलं, पण माझ्या घशाखाली घास उतरेना. त्याला नाटकातून काढू का हो?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. घरी आलो आणि सातासमुद्रापलीकडचा एक माणूस आठवला. त्याने आयुष्यभर तोंडाला काळे फासून लोकांना हसवले. त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

त्यांचे नाव बर्ट विल्यम्स. जन्म १२ नोव्हेंबर १८७४ रोजी बहामा बेटांवरील नसाऊ गावी. लहानपणीच आईवडिलांबरोबर ते अमेरिकेत आले आणि कॅलिफोर्नियात वाढले. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली होती. पण कायदा बदलला म्हणून माणसाचे मन बदलते असे नाही, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

त्या काळी अमेरिकेत 'व्हॉडव्हिल' नावाचे खेळ फार चालत. एका तिकिटात गाणे, नाच, जादू, कसरत, नकला आणि विनोद. त्याआधी, १८३०च्या सुमारापासून, एक वेगळाच प्रकार तिथे रुजला होता. गोरे नट बाटलीचे बूच जाळत, त्याची काजळी तोंडाला फासत, ओठ मोठे रंगवत आणि काळ्या माणसाचे सोंग आणत. तो काळा माणूस कसा? आळशी, भित्रा, कोंबडी चोरणारा, मोडकेतोडके बोलणारा. प्रेक्षक खदखदून हसत. ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते, त्यांनाच विनोदाचा विषय केले गेले.

पुढे काळ्या कलावंतांना रंगमंचावर थोडी जागा मिळू लागली, पण अट तीच. सोंग आधी ठरलेले होते, माणसाने त्यात जाऊन बसायचे. विल्यम्स यांचा मूळ वर्ण तर उजळ होता. ते उंचेपुरे, शांत स्वभावाचे आणि वाचनाचे मोठे वेडे होते. त्यांच्या घरी ग्रंथांचा मोठा संग्रह होता. ज्या बोलीत लोकांना हसवायचे, ती बोली त्यांची नव्हतीच. ती त्यांना मुद्दाम शिकावी लागली. काळा माणूस म्हणून उभे राहण्यासाठी एका काळ्या माणसाला तोंडाला काळे फासावे लागले! आपल्याकडे तोंडाला काळे फासणे ही शिक्षा असते. तिथे ते पोटापाण्याचे साधन झाले.

१८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांची जॉर्ज वॉकर या तरुणाशी गाठ पडली. वॉकर चुणचुणीत, झकपक कपडे करणारा आणि नाचात तरबेज. विल्यम्स मंद चालणारा, नेहमी संकटात सापडणारा. जोडी जमली. त्यांनी न्यूयॉर्क गाजवले. पण दोघांना निव्वळ टाळ्या नको होत्या. त्यांनी स्वतःची नाटक कंपनी उभी केली. लेखक काळे, संगीतकार काळे, नट-नट्या काळ्या. १८ फेब्रुवारी १९०३ रोजी त्यांचे 'इन डाहोमी' हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या एका मोठ्या नाट्यगृहात लागले. संपूर्णपणे काळ्या कलावंतांनी लिहिलेले आणि वठवलेले पूर्ण लांबीचे संगीत नाटक ब्रॉडवेच्या मोठ्या रंगमंचावर येण्याची ती पहिलीच वेळ. गीते कवी पॉल लॉरेन्स डनबार यांची, तर संगीत विल मॅरियन कुक यांचे.

आणि प्रेक्षागृहात काय? रंगमंचावर काळे कलावंत राज्य करीत होते, पण काळ्या प्रेक्षकांना खाली बसण्याची मुभा नव्हती. त्यांनी वरच्या सज्ज्यातच बसायचे. गावच्या तमाशात ढोलकी आपली, घुंगरू आपले, सोंगाड्या आपला आणि गाद्या-लोड मात्र पाटलाला, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सज्ज्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी ही मंडळी लंडनला गेली. २३ जून १९०३ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात, राजघराण्यातील मुलाच्या वाढदिवसाला, त्यांचा खेळ झाला. गुलामांच्या वंशजांनी राजापुढे खेळ केला.

१९०९ साली वॉकर आजारी पडले आणि जानेवारी १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. जोडी तुटली, कंपनीही मोडली. विल्यम्स एकटे पडले. १९१० साली झिगफेल्ड नावाच्या प्रसिद्ध निर्मात्याने त्यांना आपल्या 'फॉलीज' या झगमगाटी खेळात घेतले. काही गोऱ्या नटांनी कुरकुर केली, काम सोडण्याची धमकी दिली. पण निर्माता बधला नाही. इतरांच्या जागी दुसरा आणता येईल, विल्यम्सच्या जागी नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. १९१९ पर्यंत बहुतेक वर्षी विल्यम्स त्या खेळात होते. जिथे एकाही काळ्या माणसाला स्थान नव्हते, तिथे ते मुख्य कलावंतांपैकी एक झाले.

त्यांचा एक मूकप्रवेश फार गाजला. रंगमंचावर ते एकटेच. पत्ते नाहीत, टेबल नाही, सोबतीही नाहीत. नुसत्या चेहऱ्याने आणि हातांनी ते पत्त्यांचा आख्खा डाव दाखवीत. चांगली पाने आल्याचा आनंद, तो लपवण्याची धडपड, समोरच्याचा संशय आणि शेवटी हरल्यावर पडलेला चेहरा. बघणारा विसरून जाई की समोर एकच माणूस आहे. 'ए नॅचरल बॉर्न गॅम्बलर' या १९१६ सालच्या मूकपटात हा प्रवेश चित्रित झालेला आहे. काजळीच्या थराआडूनही तो माणूस दिसतो, हीच त्यांची कला.

आता एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुलै १९१३ मध्ये आपले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ पर्यंत तिथे राहिले. बाबासाहेब ग्रंथालयात बसून वाचत होते, तेव्हा त्याच शहरातल्या रंगमंचावर विल्यम्स काजळी फासून उभे राहत होते. आणि त्याच १९१३ साली न्यूयॉर्क आणि शेजारच्या न्यू जर्सीत विल्यम्स यांचा एक मोठा चित्रपट तयार होत होता. बहुतेक सारे नट काळे. एका सुंदर तरुणीसाठी तीन उमेदवारांची चढाओढ, जत्रा, पाळणे, नाच आणि प्रेमाचा साधासुधा प्रसंग. तो चित्रपट कधीच पूर्ण झाला नाही. रिळे डब्यात पडून राहिली. १९३०च्या दशकाअखेरीस ती न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'कडे आली आणि शंभर वर्षांनी, २०१४ साली, जुळवून लोकांना दाखवली गेली. त्यात काळी माणसे आपल्या मौजेत हसताना, नाचताना, नटूनथटून मिरवताना दिसतात. काजळी आहे ती एकट्या विल्यम्सच्या चेहऱ्यावर. बाकीचे सारे आपापल्या खऱ्या चेहऱ्याने वावरतात. हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की आमच्या मनात चर्र होते. एकाने मुखवटा घालून दार उघडले, म्हणून बाकीच्यांना चेहऱ्यासकट आत येता आले.

पण त्या दाराची किंमत त्यांनी एकट्याने मोजली. ज्या हॉटेलात गोरे सहकलाकार समोरच्या दाराने जात, तिथे यांच्यासाठी मागचे दार. १९१९ साली न्यूयॉर्कच्या नटांनी संप पुकारला. कामगारांच्या वस्तीत संप म्हणजे काय ते सांगायला नको. घरोघरी निरोप जातो. विल्यम्स त्या रात्री ठरल्या वेळी नाट्यगृहात आले, रंग लावून, कपडे करून तयार झाले. बाहेर येऊन पाहतात तर सारे रिकामे. संपाची बातमी त्यांना कुणी कळवलीच नव्हती. नटांच्या संघटनेत ते नव्हते. हा प्रसंग त्यांनी सहकलाकार डब्ल्यू. सी. फील्ड्स यांना सांगितला. फील्ड्स स्वतः नामांकित विनोदी नट. त्यांनी विल्यम्सविषयी म्हटले होते की, आपण पाहिलेला सर्वांत विनोदी माणूस हाच आणि सर्वांत दुःखी माणूसही हाच.

विल्यम्स यांनी १९१८ साली एका मासिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी सांगितले की काळे असण्यात लाजिरवाणे असे काही मला कधी आढळले नाही, मात्र अमेरिकेत ते अनेकदा गैरसोयीचे ठरते. शब्द किती मवाळ, आणि आत केवढा निखारा! विनोदाविषयी ते म्हणत की संकटात सापडलेला माणूस इतरांना हसू आणतो. पण खरा विनोदबुद्धीचा माणूस तो, जो बघ्याच्या जागी उभा राहून स्वतःच्याच फजितीवर हसू शकतो.

फेब्रुवारी १९२२. अंगात आजार असताना ते डेट्रॉइटला नाटकाचा प्रयोग करीत होते. रंगमंचावर ते कोसळले. प्रेक्षकांना वाटले, हाही विनोदच. लोक हसले. ४ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७.

वाचकहो, त्यांना दोष द्यावा का? त्यांच्या हयातीतही काही स्वजन म्हणत की हा आपल्या लोकांचे हसे करतो. आम्हाला वाटते, दोष त्या माणसाचा नाही. ज्या बाजारात काजळीशिवाय त्यांना उभे राहू दिले नाही, त्या बाजाराचा आहे. पण एक फरक आपण ओळखला पाहिजे. हसू वेगळे आणि हसे वेगळे. हसू फुलवणे ही कला आहे. कुणाचे हसे करणे हा अन्याय आहे. विल्यम्स यांनी हशाच्या बाजारात राहून हसू फुलवले, हे त्यांचे मोठेपण. आपल्या मुलांना मात्र पुन्हा तोच बाजार दाखवण्याचे कारण नाही.

कारण आपल्याला वाट दाखवलेली आहे. तमाशातला सोंगाड्या आपलाच होता, ढोलकी आपलीच होती. बाबासाहेबांच्या चळवळीत भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी तीच कला घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले. विनोद तिथेही होता, लोक तिथेही पोट धरून हसत. पण हसे होत होते ते अंधश्रद्धेचे, सावकाराचे, उच्चनीचतेचे. संगीत तेच, कलावंत तेच. फरक एवढाच की नाटक कुणी लिहायचे ते आपण ठरवले होते. विल्यम्स आणि वॉकर यांची उमेदीची वर्षेही तीच, जेव्हा कंपनी त्यांची स्वतःची होती.

हे सारे आम्ही ताईंना सांगितले. नाटकातून काढू नका, म्हणालो. पोराच्या अंगात जे आहे ते दाबून टाकू नका. पण गुरुजींना शांतपणे भेटा. सांगा की काजळी नको आणि दरवर्षी गडीही नको. त्याला वकील करा, डॉक्टर करा, विसरभोळा मास्तर करा, तो त्यातही हसवील. आणि पोरालाही विचारा, लोक तुझ्या कलेला हसतात की तुझ्या घराला?

ताई परवा पुन्हा भेटल्या. त्यांनी पोराला विचारले होते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आई, हसवायला मला आवडतं. पण काजळी लावली तेव्हा माझं तोंड मलाच दिसत नव्हतं."

यंदाच्या १४ एप्रिलला विहारात मुलांचे छोटे नाटक करायचे ठरले आहे. लिहिणार तोच आहे. वहीची चार पाने भरलीसुद्धा.

जय भीम!