‘डिस्प्ले येत नाही’ म्हणजे कॉम्प्युटर मेला असं नाही



शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये वारंवार ऐकू येणारी दोन वाक्यं आहेत. पहिलं, “सर, डिस्प्ले येत नाहीये.” आणि लगेच त्याच्या मागून येणारं दुसरं, “जुना झालाय, भंगारात काढा.” माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन वाक्यांच्या मध्ये एक तास जायला हवा, आणि तो तास मुलांना द्यायला हवा. ‘संगणकाचे भाग’ या धड्याची आकृती वहीत काढून नावं पाठ करण्यापेक्षा त्या एका तासात मुलं कितीतरी जास्त शिकतात.

आधी हे समजून घ्या की डिस्प्ले ही एका वस्तूची गोष्ट नाही. मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात एक करार असतो. कार्ड एका सेकंदात ठरावीक संख्येने आडव्या रेघा पाठवतं आणि मॉनिटरला त्याच वेगाने त्या काढाव्या लागतात. व्हीजीएचा ६४०×४८० चा पडदा घ्या. त्यात सेकंदाला सुमारे ३१,५०० रेघा आणि ६० वेळा पूर्ण चित्र. एकाने हा वेग पाळला आणि दुसऱ्याला तो जमला नाही, की पडदा काळा. म्हणजे दोघंही धडधाकट असूनही चित्र येत नाही! हा मुद्दा मुलांच्या डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

याचं जुनं उदाहरण सांगण्यासारखं आहे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्यासाठी दोन वेगवेगळी कार्डं मिळत. एमडीए हे फक्त अक्षरांसाठी, एकरंगी. सीजीए हे रंगीत चित्रांसाठी. दोन्हींच्या मागे अगदी सारखंच नऊ पिनांचं सॉकेट. पण एमडीए सेकंदाला सुमारे १८,४०० रेघा पाठवायचं आणि सीजीए सुमारे १५,७००. केबल मात्र कुठेही छान बसायची. एमडीएसाठी बनवलेला आयबीएमचा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर चुकून सीजीए कार्डाला लावला तर तो खराबसुद्धा होऊ शकत असे. शिवाय मदरबोर्डवर बारीक स्विचांची एक पट्टी होती. कोणतं कार्ड बसवलंय हे तिच्यातल्या ५ आणि ६ नंबरच्या स्विचने सांगावं लागायचं. स्विच चुकला की मशीन बीप करून तक्रार करणार. १९८७ मध्ये व्हीजीए आलं, पंधरा पिनांचं निळं सॉकेट पुढे सगळीकडे रूढ झालं, आणि हा गोंधळ बराच मिटला. आपल्या शाळांच्या अडगळीत आज जे जुने कॉम्प्युटर दिसतात ते बहुतेक या व्हीजीए सॉकेटवालेच.

जाता जाता मराठीच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट. त्या पहिल्या कार्डांवर एका चिपमध्ये २५६ अक्षरचिन्हांचे ठसे कायमचे कोरलेले असत. त्यात ‘अ’ नव्हता, ‘ज्ञ’ तर नाहीच. अक्षरांच्या पडद्यावर देवनागरी उमटेल कशी? यावर उत्तर निघालं ते आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानातून. जिस्ट कार्ड पीसीमध्ये बसवलं की डॉसच्या प्रोग्रॅममध्ये मराठी लिहिता-वाचता यायची. पडद्यावरचं अक्षर आपोआप येत नाही, कुणीतरी ते तिथे पोचवलेलं असतं, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता कामाला लागू. समोर काळा पडदा आहे. तुम्ही कुठून सुरुवात कराल? बहुतेक जण थेट डबा उघडतात. (त्या डब्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, खरा सीपीयू आत बसलेली छोटी चिप असते. असो.) तसं करू नका. पहिला प्रश्न विचारा: बिघाड कोणत्या बाजूला आहे? मॉनिटरची केबल कॉम्प्युटरकडून काढा आणि मॉनिटर नुसता चालू करा. बऱ्याच मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाचा संदेश किंवा रंगीत पट्टे येतात. आले, म्हणजे मॉनिटरला बहुधा दोष नाही. मग कीबोर्डवरचं नम-लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय? मग मशीन जिवंत आहे, फक्त दिसत नाहीये. दोन मिनिटांत, पेचकस हातात न घेता, शोध अर्ध्यावर आला.

यानंतर मागे बघा. मॉनिटर लावायची दोन निळी सॉकेटं आहेत का? एक मदरबोर्डचं, एक वेगळ्या कार्डाचं. अनेक जुन्या मशीनमध्ये कार्ड बसवलं की मदरबोर्डचं सॉकेट बंद होतं, आणि सवयीने केबल त्यातच खुपसलेली असते. चित्र येतंय पण पिवळं दिसतंय? निळा रंग पोचत नाहीये. निळसर-हिरवं दिसतंय? लाल पोचत नाहीये. जांभळट-गुलाबी असेल तर हिरवा गायब. केबलच्या पिना नीट पाहा, एखादी वाकलेली सापडेल. मात्र नऊ नंबरची पिन बऱ्याच केबलमध्ये मुळातच नसते, तिला तुटलेली समजू नका. विज्ञानाच्या तासाला रंगांचं मिश्रण शिकवता ना? हाच तो प्रयोग, फुकटात.

बीप ऐका. एक लांब आणि दोन आखूड बीप आल्या तर अनेक मशीनमध्ये ती ग्राफिक्स कार्डाची तक्रार असते. एएमआय बायोस असेल तर आठ आखूड. अशा वेळी प्लग भिंतीतून काढून, शिक्षकांनी स्वतः डबा उघडून कार्ड बाहेर काढावं, त्याच्या सोनेरी पट्टीवरून पांढरा मऊ खोडरबर हलकेच फिरवावा, भुगा झटकावा आणि कार्ड परत घट्ट बसवावं. एजीपी कार्डाची एक खोड लक्षात ठेवा: पुढचा स्क्रू आवळताना मागचं टोक स्लॉटमधून किंचित वर उचललं जातं. स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा दाबून बघा.

आणि आता सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार. शाळेला देणगीत एलसीडी मॉनिटर मिळतात. जुना जाडजूड सीआरटी काढून त्या जागी नवा लावला जातो. चालू केल्यावर सुरुवातीची अक्षरं दिसतात, विंडोजचा लोगोही दिसतो, आणि मग पडदा काळा. वर ‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश. दुरुस्तीवाला येऊन म्हणतो, “कार्ड गेलं, नवा कॉम्प्युटरच घ्या.” मित्रांनो, लोगो दिसला याचा अर्थ कार्डही ठीक आहे आणि मॉनिटरही. सीआरटीवर डोळ्यांना त्रास नको म्हणून कुणीतरी पूर्वी सेकंदाला ८५ चित्रांचा वेग ठेवलेला असतो, आणि त्या काळातल्या एलसीडीची धाव बहुधा ७५ पर्यंत. करार मोडला तो इथे. मशीन सुरू होताना एफ-८ दाबा, एक्सपी असेल तर व्हीजीए मोड निवडा, आत जाऊन वेग ६० करा. खर्च शून्य रुपये. या एका सेटिंगपायी चांगली मशीनं भंगारात जातात, याचा मला खरोखर राग येतो.

काही जण म्हणतील, हे सगळं आता कशाला, मुलांच्या हातात मोबाईल आहेत. मला जुन्या मशीनचं कौतुक आहे म्हणून मी हे सांगत नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला, त्यामुळे ते मशीन इंटरनेटला जोडूच नका. पण स्मार्ट क्लासमधला प्रोजेक्टर ‘नो सिग्नल’ म्हणतो तेव्हा काय होतं ते आठवा. आपण केबल हलवतो, पुन्हा हलवतो, आणि तास संपतो. तिथेही तेच तर तपासायचं असतं: सिग्नल कुठून निघाला, कुठपर्यंत पोचला, आणि घेणाऱ्याला तो झेपतोय का. मोबाईल उघडून हे दाखवता येत नाही, जुन्या कॉम्प्युटरवर येतं. मोडलं तरी कुणी ओरडणार नाही, म्हणून मुलं न घाबरता हात लावतात.

एका बाबतीत मात्र ओरडायलाच हवं. सीआरटी मॉनिटरचं मागचं झाकण कुणीही उघडायचं नाही, मुलांनी नाही आणि तुम्हीही नाही. रंगीत ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. पडद्याच्या कोपऱ्यात रंगाचे डाग दिसत असतील तर जवळचा स्पीकर बाजूला सरकवा, मेनूमध्ये डीगॉस असेल तर ते वापरा. तेवढ्यावर थांबा.

हे सगळं करूनही पडदा काळाच राहिला, तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का ते बघा. फुगले असतील तर मशीन खरंच गेलं, असं समजायला हरकत नाही. मग मॉनिटर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या, कारण त्याच्या काचेत शिसं असतं. आणि डबा देण्याआधी हार्ड डिस्क काढून ठेवा. शाळेचे जुने निकाल, दाखल्यांची यादी, स्नेहसंमेलनाचे फोटो बहुतेक तिच्यातच असतात, आणि पडदा काळा झाल्याने तिचं काहीही बिघडलेलं नसतं.