मैदानाचा निरोप आणि वस्तीचा हिशेब

१८ मे २०२५ रोजी लिव्हरपूल शहरातील गुडिसन पार्क या मैदानावर एव्हर्टन क्लबच्या पुरुष संघाने आपला अखेरचा सामना खेळला. साउदॅम्प्टनला २-० असे हरवून त्याने १८९२ पासूनच्या आपल्या घराचा निरोप घेतला. त्या सामन्याआधी आठवणींना उधाण यावे, हे स्वाभाविकच होते. तथापि उधाण ओसरल्यावर प्रश्न उरतो तो अर्थकारणाचा. मैदान हलते तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो?

गुडिसनचा जन्मच मुळी भाड्याच्या वादातून झाला. एव्हर्टन पूर्वी अॅनफिल्डवर खेळत असे. जागेचे मालक जॉन हाउल्डिंग यांच्याशी बिनसले, तेव्हा क्लबने स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे स्वतःचे मैदान उभारले. रिकाम्या अॅनफिल्डसाठी हाउल्डिंग यांनी लिव्हरपूल हा नवा क्लब काढला. गुडिसनवरच १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने पोर्तुगालविरुद्ध तीन गोलांची आघाडी घेतली आणि युसेबिओच्या चार गोलांनी ती धुळीस मिळविली. एका हंगामात साठ गोल करणारा डिक्सी डीन १९८० मध्ये याच मैदानावर सामना पाहताना मरण पावला.

मग स्थलांतर का? गुडिसनच्या चहूबाजूंना घरांच्या रांगा आणि एका कोपऱ्यात चर्च. विस्ताराला जागाच नव्हती. अनेक आसनांवरून पाहताना खांब आड येत. प्रेक्षकक्षमता चाळीस हजारांहून कमी होती, तर गोदीतील नव्या स्टेडियमची ५२ हजारांहून अधिक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धनिकांच्या खास कक्षांचे उत्पन्न. प्रीमियर लीगने क्लबांच्या तोट्याला मर्यादा घातली होती. ती ओलांडल्याबद्दल २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे एकूण आठ गुण कापले गेले. उत्पन्न वाढविणे ही चैन नव्हे, तगून राहण्याची अट झाली होती.

परंतु क्लबच्या ताळेबंदात न दिसणारा खर्चही असतोच. वर्षातील वीस-पंचवीस सामन्यांच्या गर्दीवर वॉल्टन भागातील मद्यगृहे, खाद्यपदार्थांची दुकाने आणि किरकोळ विक्रेते आपली बेगमी करीत. गिरणीचा भोंगा बंद पडला की खानावळीची चूल कशी विझते, हे गिरणगाव पाहिलेल्यांना सांगावयास नको. शहरालाही किंमत मोजावी लागली. नव्या स्टेडियमसह किनाऱ्यावरील बांधकामांमुळे युनेस्कोने जुलै २०२१ मध्ये लिव्हरपूलचे नाव जागतिक वारसा यादीतून वगळले. ज्या बंदरात एकेकाळी मुंबईचा कापूस उतरत असे, त्याचा हा लौकिक होता. अर्थात ओस पडलेल्या गोदीला नवा रोजगार मिळेल, ही बाजूही दुर्लक्षिता येत नाही.

या साऱ्यात एक निर्णय मोलाचा ठरला. गुडिसन पाडून तेथे घरे व नागरी सोयी उभारण्याची मूळ योजना होती. मे २०२५ मध्ये, अखेरच्या सामन्याच्या काही दिवस आधी, ती बाजूला ठेवून मैदान क्लबच्या महिला संघाला देण्याचे ठरले. महिलांच्या सामन्यांना तेवढी गर्दी होत नाही, म्हणून वस्तीचे नुकसान पूर्णपणे भरून येणार नाही. परंतु मैदान वापरात राहिले.

मुंबईचा अनुभव याहून निराळा नाही. तिकिटांच्या वाटपावरून वाद झाला आणि १९७५ पासून कसोटी सामने ब्रेबर्नवरून वानखेडेवर गेले. ब्रेबर्न टिकले, कारण ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे होते व क्लबच्या रोजच्या वापरात होते. म्हणूनच २००९ मध्ये तेथे पुन्हा कसोटी खेळविता आली.

वास्तू टिकते ती स्मृतीच्या बळावर नव्हे, उपयोगाच्या बळावर. तेव्हा मैदान हलविण्यास परवानगी देताना नगरपालिकांनी नव्या जागेच्या नकाशाबरोबर जुन्या जागेचा आणि तिच्यावर पोट असणाऱ्यांचा हिशेबही मागितला पाहिजे. निरोपाच्या दिवशी हळहळण्यापेक्षा तो हिशेब आधी मांडणे अधिक उपकारक ठरेल.