वाशिष्ठीतला गाळ काढला, पण माशांच्या घराचं काय?

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेलं. पूर ओसरल्यावर शहरात एका मागणीनं जोर धरला, वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा. त्यासाठी साखळी उपोषण झालं आणि मग पात्रात पोकलेन उतरले. ज्यांची घरं-दुकानं बुडाली, त्यांची मागणी रास्तच होती. पण पात्र खरवडताना माशांच्या अधिवासाचं काय होतं, याची चर्चा फारशी झाली नाही.

कोकणातली नदी म्हणजे सरळ कालवा नव्हे. कुठे खोल कोंड, कुठे गोट्यांवरून खळाळणारं उथळ पाणी, कुठे काठच्या झाडांची पाण्यात उतरलेली मुळं. खळाळात पाण्यात प्राणवायू मिसळतो. गोट्यांच्या फटींमध्ये काही माशांची अंडी असतात आणि त्यांचं खाद्य असलेले किडेही. उन्हाळ्यात ओढे आटले की मासे कोंडीत तग धरतात. यंत्रानं तळ एकसारखा केला की हे सगळं एकदम जातं.

अर्थात, गाळ साचू देणं हेही माशांच्या फायद्याचं नाही. डोंगर कापले, झाडं तोडली, दरडी कोसळल्या की माती खाली येते आणि त्याच फटी बुजवते. उपसलेला गाळ काठावरच टाकला, तर पुढच्या पावसात तो परत पात्रात येतो.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर गावागावांत 'चढणीचे मासे' धरायला झुंबड उडते. हे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघालेले असतात. वाटेत उंच बंधारा आला की त्यांचा प्रवास तिथेच संपतो. खाली दाभोळ खाडीत प्रश्न वेगळा आहे. लोटे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे मासे मरतात, अशी तिथल्या मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे.

हे नुकसान मोजायचं कसं? अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स कार यांनी १९८१ मध्ये एक पद्धत मांडली. फक्त पाणी तपासायचं नाही, तर कोणत्या जातीचे किती मासे आहेत, संवेदनशील जाती टिकल्यात का, हेही पाहायचं आणि कमी हस्तक्षेप झालेल्या प्रवाहाशी तुलना करायची.

वाशिष्ठीत मात्र इथेच पेच आहे. कोयनेची वीज तयार करून आलेलं पाणी कोळकेवाडीमार्गे या नदीत सोडलं जातं. त्यामुळे विजेच्या मागणीनुसार तिची पातळी बदलते आणि उन्हाळ्यातही तिला पाणी असतं. शेजारच्या जगबुडीशी तिची थेट तुलना करता येत नाही. त्यासाठी कोयनेचं पाणी मिसळतं त्याच्या वरचे ओढे आणि यंत्रं उतरण्याआधीच्या नोंदी, दोन्ही लागतात.