दप्तर सापडलं, पण पणजोबांचं नाव सापडेना!

छत्रपती संभाजीनगर : कुणबी नोंदी शोधण्यासाठी ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातलं जुनं दप्तर बाहेर निघालं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा जीआरही आला. तरी गावागावांत प्रश्न तोच : आमच्या पणजोबांचं नाव कुठंय?

गॅझेटियर आणि निजामकाळातली छापील जनगणना यांत कोणत्या जातीचे लोक किती, एवढाच आकडा आहे. घरोघरची नावं त्यात नाहीत. नावं सापडतात ती कोतवाल बुकात, शाळेच्या जुन्या रजिस्टरात, खासरा पत्रकात. त्यातलं बरंच मोडीत नाहीतर उर्दूत. पान स्कॅन झालं तरी तो नुसता फोटो. नाव टाकून शोधता येत नाही. त्यासाठी कुणीतरी नाव, बापाचं नाव, गाव, साल आणि पान क्रमांक उतरवून सूची करावी लागते.

एवढं काम करणार कोण? अमेरिकेत हे लोकांनीच केलं. तिथं जनगणनेची नावं ७२ वर्षांनी खुली होतात. १९४० च्या जनगणनेची पानं एप्रिल २०१२ मध्ये खुली झाली आणि दीड लाखाहून जास्त स्वयंसेवकांनी घरबसल्या सुमारे १३ कोटी नावं काही महिन्यांत उतरवली. एकच पान दोघांनी वेगवेगळं उतरवायचं, फरक पडला तर तिसऱ्यानं ठरवायचं, अशी पद्धत होती.

आपल्याकडं शोध मुख्यतः 'कुणबी' या एका शब्दाचा झाला. पण जुना पुरावा सगळ्यांनाच लागतो. जातपडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, तर ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणून पान उघडलंच आहे तर त्यावरची सगळी नावं उतरवा.

निवृत्त गुरुजी, उर्दू वाचणारे चाचा, मोडी शिकलेली पोरं गावात आहेत. प्रशासनानं स्कॅन द्यावेत आणि तपासणी आपल्या हातात ठेवावी. न वाचलेलं अक्षर अंदाजानं भरू नये. सूची म्हणजे दाखला नव्हे, दाखल्यासाठी मूळ पानच लागणार. पण ते कुठं आहे हे तरी कळेल.

घाई यासाठी की मोडी-उर्दू वाचणारे म्हातारे होताहेत, कागद झिजतोय. तोवर ज्याला वाचणारा परवडतो, त्यालाच पणजोबा सापडणार.